बोडीतलं कमळ, यादीतलं कमळ

चंद्रपूर, मूल, ब्रह्मपुरी, वडसा किंवा गडचिरोलीतल्या एखाद्या अभ्यासिकेत सकाळी डोकावलं तर पोलीस भरतीची, वनरक्षकाची, तलाठ्याची तयारी करणारी मुलं-मुली खाली मान घालून बसलेली दिसतात. पहाटे मैदानावर धावून आलेली असतात आणि आता समोर मराठी व्याकरणाचं जाडजूड पुस्तक उघडं असतं. प्रकरण समानार्थी शब्दांचं. कमळ म्हणजे पंकज, अंबुज, सरोज, राजीव, पद्म, नलिनी. भुंगा म्हणजे भ्रमर, मधुप, अली, मिलिंद. ओठ हलत असतात, आवाज नसतो.

यातल्या बऱ्याच मुलांच्या गावाला मामा तलाव असतो. मालगुजारांच्या काळातला, म्हणून माजी मालगुजारी, म्हणून मामा. नाही तर शेताच्या वरच्या अंगाला एखादी बोडी असते. तिथलं कमळ या मुलांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं, त्याच्या पानावर पाणी कसं पळतं हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. पण 'अंबुज' त्यांनी कोणाच्या तोंडून ऐकलेला नसतो, कुठल्या गोष्टीत वाचलेला नसतो. परीक्षेचा कागद जमा झाला की तो शब्द त्यांच्या आयुष्यातून निघून जातो. कमळ मात्र बोडीत राहतं.

यादीला मी नावं ठेवत नाही. जिथे अर्ध्या गुणाने नोकरी हुकते तिथे यादी पाठ करणं हेच शहाणपण. माझं भांडण आहे ते दोन समजुतींशी. शब्दसंग्रह वाढवणं म्हणजे अशा याद्या डोक्यात भरणं, ही एक. दुसरी तिच्या अगदी उलट आणि दिसायला सोज्वळ: 'कादंबऱ्या वाचा, शब्द आपोआप येतील.' व्याख्यानाला आलेले पाहुणे ती टाळ्यांच्या गजरात सांगून जातात. पहिली समजूत शब्दाला माणसांपासून तोडते, आणि दुसरी समोर बसलेला वाचणारा कोण आहे हे न बघताच औषध लिहून देते. कादंबरीतून अवघड शब्द येतात, कोशापेक्षा पक्के येतात, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण 'आपोआप' काही येत नाही. कादंबरी आधी काही मागते. चंद्रपूर-गडचिरोली या दोन जंगली जिल्ह्यांत तिचं ते मागणं पुरवता येण्यासारखं आहे आणि आपण ते पुरवत नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

आधी, कादंबरी शब्द शिकवते म्हणजे नेमकं काय करते ते पाहू. समजा, मुंबईत वाढलेल्या एखाद्या बाईंच्या हातात धानाच्या मुलखातली कादंबरी आली आणि पहिल्याच प्रकरणात त्यांना 'पऱ्हे' हा शब्द भेटला. बायका पऱ्ह्यांच्या जुड्या डोक्यावर घेऊन बांधीत उतरताहेत. हे काहीतरी हिरवं, जुड्या बांधण्यासारखं असावं, एवढाच अंदाज येतो. तीस पानांनी पाऊस लांबतो आणि घरचा म्हातारा पऱ्ह्यांकडे बघून गप्प होतो. म्हणजे हे पावसावर टेकलेलं आहे. आणखी काही पानांनी पाऊस येतो, पण तोवर पऱ्हे वाढून गेलेले असतात. रोवणी होते, मात्र पीक पूर्वीसारखं येणार नाही हे सगळ्यांना कळलेलं असतं. पुढे कधीतरी शेजारी दुसऱ्याच्या बांधीतून पऱ्हे मागायला येतो आणि त्या मागण्यात किती लाचारी आहे ते दिसतं. इथवर आलेल्या वाचकाला आता कोशाची गरज उरत नाही. कोश सांगेल, 'भाताची रोपे'. पण पऱ्ह्यांना वय असतं, ते उलटलं की वर्ष हातचं जातं, ते उसने मागावे लागतात, आणि कोणाकडे मागायचे यावर गावातली पत ठरते, हे कोशाच्या एका ओळीत मावत नाही. शब्दाबरोबर त्याची सगळी सोयरीक घरात येते.

याचा पुरावा मराठी वाचकाला दूर शोधावा लागत नाही. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली आली, विश्वास पाटलांची 'पानिपत' १९८८ साली. खलिता, मसलत, तैनात, डेरेदाखल, बिनी हे शब्द आपल्यातल्या बहुतेकांना शाळेने शिकवलेले नाहीत, इतिहासाच्या मास्तरांनीही नाहीत. ते पेशवाईवरच्या कादंबऱ्यांतून आले. सातवीनंतर शाळा सुटलेल्या आणि तालुक्याच्या वाचनालयातून आठवड्याला एक पुस्तक आणणाऱ्या कितीतरी बायकांना 'मसलत' आणि 'सल्ला' यांतला फरक व्यवस्थित कळतो, तो सांगता येत नसला तरी. मसलतीत चार माणसं लागतात, दार लोटलेलं असतं आणि बाहेर कोणीतरी ऐकत असण्याची भीती असते. फारसी न शिकता एवढ्या माणसांनी फारसी वळणाची दरबारी भाषा पचवली. महाराष्ट्रात भाषाशिक्षणाचा एवढा मोठा प्रयोग दुसरा झाला नसेल, आणि तो कोणी ठरवून केलेला नव्हता.

ठरवून केलेला एक प्रयोग मात्र न्यूझीलंडमध्ये झाला. अँथनी बर्जेस या इंग्रज लेखकाने १९६२ साली 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' लिहिली. तिच्यातली गुंड पोरं रशियन शब्दांवरून घडवलेली एक चोरबोली बोलतात. असे दोनशेहून जास्त शब्द पुस्तकभर पसरलेले आहेत आणि बर्जेसने त्यांतल्या बहुतेकांचा अर्थ दिलेला नाही. अमेरिकी आवृत्तीला प्रकाशकाने शेवटी शब्दार्थ जोडले, ते बर्जेसला आवडलं नव्हतं. १९७८ साली सारागी, नेशन आणि मीस्टर या अभ्यासकांनी इंग्रजी मातृभाषा असलेल्या काही प्रौढांना ही कादंबरी नुसती वाचायला दिली. शब्दांची परीक्षा होणार आहे हे सांगितलं नाही. नंतर त्या बोलीतल्या ९० शब्दांची परीक्षा घेतली, तर सरासरी ७६ टक्के शब्दांचे अर्थ बरोबर निघाले. ज्या शब्दांना इंग्रजीत कुठे अस्तित्व नव्हतं, ते एका पुस्तकाने शिकवले.

इथे 'कादंबऱ्या वाचा' म्हणणारे खूश होतील. पण याच कथेला पुढचा भाग आहे. १९८९ साली पिट्स, व्हाइट आणि क्रॅशन यांनी याच कादंबरीची पहिली दोन प्रकरणं इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या विद्यार्थ्यांना दिली. त्यांनीही शब्द उचलले, पण अगदी थोडे, शंभरात दहासुद्धा नाहीत. दोनच प्रकरणं वाचलेली, हे एक कारण. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मातृभाषेच्या वाचकाला चोरबोलीचा शब्द सोडून पानावरचं बाकी सगळं कळत होतं. दुसऱ्या गटाला चोरबोलीच्या आजूबाजूचे शब्दही धड ओळखीचे नव्हते. अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दांचा शेजार लागतो. शेजारच परका असेल तर चौकशी करायची कोणाकडे?

हा शेजार किती लागतो, याचाही हिशेब झालेला आहे. हू आणि नेशन यांनी २००० साली एका गोष्टीतले काही शब्द बदलून तिथे निरर्थक शब्द घातले आणि कमीजास्त प्रमाण करून वाचकांना दिले. शंभरातले वीस शब्द परके झाले तेव्हा गोष्ट नीट कळलेला एकही वाचक निघाला नाही. कोणाच्याही मदतीशिवाय आरामात वाचायचं तर शंभरातले सुमारे ९८ शब्द ओळखीचे हवेत, असा त्यांचा निष्कर्ष. मराठी कादंबरीच्या पानावर तीनशे शब्द धरले तर पानाला सहा परके शब्द. साठ झाले की पुस्तक मिटतं.

आता हा हिशेब घेऊन गडचिरोलीत जाऊ.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा काढलेला हा जिल्हा. उत्तरेला कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी कानावर पडते, वडसा-आरमोरीला झाडीबोली, चामोर्शी-मुलचेऱ्यात पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची बंगाली, सिरोंच्याला तेलुगू, आणि धानोरा, एटापल्ली, भामरागडात गोंडी आणि माडिया. गोंडी-माडिया द्राविड कुळातल्या. मराठीचं आणि त्यांचं नातं शेजाराचं आहे, रक्ताचं नाही. एटापल्लीच्या आतल्या गावातला माडिया मुलगा आश्रमशाळेत येतो तेव्हा त्याच्या दृष्टीने मराठीच्या पहिल्या पुस्तकाच्या पानावर शंभरातले दोन शब्द परके नसतात, जवळजवळ शंभरच्या शंभर परके असतात. त्याला धड्याखालच्या चौकटीत 'शब्दार्थ' देऊन काय उपयोग? तो अर्थही मराठीतच असतो.

२३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा गोष्ट नेमकी उलटी होती. डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना माडिया येत नव्हती आणि ती शिकवणारं पुस्तक हाताशी नव्हतं. रोगी समोर बसलेला, दुखणं त्याच्या भाषेत. वस्तूकडे बोट दाखवायचं, नाव ऐकायचं, लिहून ठेवायचं, पुढच्या रोग्यावर वापरून बघायचं. त्यांना भाषा आली, कारण रोज तेच शब्द त्याच दुखण्यांबरोबर पुन्हा पुन्हा समोर येत होते. चांगली कादंबरी नेमकं हेच करते. फरक एवढाच की डॉक्टरांकडे शिक्षण होतं, उमेद होती आणि चुकल्यास हसून सांगणारी माणसं होती. आश्रमशाळेतल्या सहा वर्षांच्या पोराकडे यातलं काय असतं? चुकला की वर्ग हसतो.

झाडीबोली बोलणाऱ्या मुलाची अडचण लहान वाटते, पण ती जास्त बोचरी आहे. त्याची भाषा मराठीच आहे, फक्त त्याच्या तोंडात 'ण' नाही आणि 'ळ' नाही. पाणी हे पानी आणि डोळा हा डोरा. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य घालवून या बोलीचा अभ्यास केला, तिचा शब्दकोश केला, झाडीबोली साहित्य मंडळ उभं केलं. असं असूनही व्याकरणाच्या पुस्तकातल्या 'शुद्ध-अशुद्ध' प्रकरणात या मुलाच्या आजीचं बोलणं अशुद्धाच्या रकान्यात बसतं. मग आपल्याजवळचे शब्द दडवायचे आणि पुस्तकातले घोकायचे, हे तो फार लवकर शिकतो. शब्दसंग्रह वाढायच्या आधी अर्धा गमावलेला असतो.

'कठीण शब्द' हे जे आपण म्हणतो ते कोणाला कठीण, हा प्रश्न म्हणून टाळता येत नाही. शहरात छापलेल्या पुस्तकात बोडी, बांधी, टोळी, फळी या शब्दांना तळटीप मिळते आणि 'दिवाणखाना', 'वळचण', 'रहदारी' यांना मिळत नाही. भामरागडच्या मुलाने रहदारी पाहिलेली नसते. मोहाच्या टोळीचं तेल काढताना आणि तेंदूपत्त्याच्या फळीवर पुडे मोजताना मात्र त्याने आईला पाहिलेलं असतं. तळटीप कोणत्या शब्दाला द्यायची हे ठरवणारा माणूस कुठे राहतो, यावर शब्दाचं कठीणपण ठरतं.

जंगलावरच्या मराठी कादंबऱ्या कोणासाठी लिहिल्या गेल्या, हेही यातून उमगतं. विलास मनोहर बाहेरून येऊन हेमलकशाला राहिले आणि त्यांनी 'एका नक्षलवाद्याचा जन्म' लिहिली. जंगल खातं, ठेकेदार, पोलीस आणि नक्षलवादी यांच्या मधोमध सापडलेल्या माडिया तरुणाची ती कहाणी. चंद्रपूरच्या सुरेश द्वादशीवारांनी 'हाकुमी' लिहिली. या पुस्तकांनी पुण्या-मुंबईच्या वाचकाला जंगलातलं जगणं दिलं आणि त्याबरोबर तिथले शब्दही दिले. ते चांगलंच झालं. त्या वाचकाला तळटिपांशिवाय थोडं धडपडू द्यावं, अशी माझी उघड शिफारस आहे. पानाला सहा शब्द अडले तर बिघडत नाही, बर्जेसच्या वाचकांचं बिघडलं नव्हतं. पण ज्याच्या अंगणातली गोष्ट आहे त्या मुलापर्यंत ही पुस्तकं किती पोचली?

आणि इथेच मला वाट दिसते. ९८ टक्क्यांचा हिशेब ऐकून हात टेकावेत असं वाटतं खरं, पण तो हिशेब फक्त शब्दांचा आहे. वाचताना माणूस शब्दांच्याच आधारावर चालत नाही, गोष्टीतल्या जगाच्या ओळखीवरही चालतो. रेक्ट आणि लेस्ली या अमेरिकी संशोधकांनी १९८८ साली सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या खेळाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. त्यांना पुढे काय होणार याचा अंदाज होता, म्हणून अडलेला शब्द त्यांनी ओलांडला. बेसबॉल काढून तिथे जंगल घाला. व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' (१९८२) ही छोटी कादंबरी वानरांच्या टोळ्यांची आहे, नागझिऱ्याच्या जंगलातली, म्हणजे झाडीबोलीच्या मुलखातली, झाडीपट्टीतलीच. तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. टोळीचा नर हुसकला गेला की पिल्लांवर काय ओढवतं, हे शहरातल्या वाचकाला त्या पुस्तकातून पहिल्यांदा कळतं आणि तो हादरतो. घरावरच्या कवेलूंवर वानरांचा धुडगूस रोज बघणाऱ्या धानोऱ्याच्या मुलाला हे जग परकं नाही. भाषा परकी असेल, वानर नाही. 'सत्तांतर' ज्याला मुळातूनच अर्धी ठाऊक आहे, त्याला तिचं मराठी पोचायला किती वेळ लागेल?

मारुती चितमपल्लींचं उदाहरण याच वाटेवरचं. सोलापूरचा माणूस, वनखात्यात नोकरी, नवेगावबांध-नागझिऱ्यासारख्या जंगलांत आयुष्य. जंगलातल्या माणसांकडून त्यांनी झाडांची, पाखरांची, जनावरांची नावं गोळा केली, आणि जिथे मराठीत शब्दच नव्हता तिथे घडवला. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार. पक्षीकोश झाला, पुढे आणखी कोश झाले. पण हे शब्द वाचकांत रुजले ते कोशांमुळे, की 'रानवाटा' आणि 'पक्षी जाय दिगंतरा'सारख्या पुस्तकांमुळे? मला तरी सारंगागार कोशात भेटला नाही. तळ्याकाठच्या झाडावर पाखरांची वस्ती उतरते अशा एका लेखात भेटला, आणि मग सुटला नाही.

आता आक्षेप. पहिला म्हणजे कादंबरी फार सावकाश शिकवते. हे खरं आहे. १९९९ साली दोन डच संशोधकांनी वीस प्रयोग एकत्र तपासले. सहज वाचताना भेटलेल्या शंभर परक्या शब्दांपैकी सुमारे पंधरा हाती लागतात, असं निघालं. भरतीची परीक्षा तीन महिन्यांवर असेल तर कादंबरी उघडू नये, यादीच धरावी. पण जो मुलगा आज सहावीत आहे त्याच्याकडे तीन महिने नाहीत, सात-आठ वर्षं आहेत. त्याच्याही हातात आपण यादीच देतो, हा माझा तक्रारीचा मुद्दा.

दुसरा आक्षेप जास्त अभ्यासू माणसं घेतात. संदर्भावरून केलेला अंदाज चुकतो. संशोधिका बेक आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९८३ सालीच दाखवून दिलं होतं की काही वाक्यं अर्थाकडे नेण्याऐवजी उलट भलतीकडेच नेतात. हेही मान्य. वर्तमानपत्रातल्या बातमीत चुकीचा अंदाज केला तर तो तसाच राहतो, कारण उद्याच्या बातमीत तो शब्द नसतो. कादंबरीचा फायदा इथेच आहे. ती लांब असते, एकाच माणसाने लिहिलेली असते, तिचं गाव एकच असतं, त्यामुळे तिचे शब्द परत येतात. पहिल्या प्रकरणात चुकलेला अंदाज सातव्या प्रकरणात अडखळतो आणि वाचक मुकाट्याने तो दुरुस्त करतो. बर्जेसच्या कादंबरीत प्रत्येक चोरशब्द सरासरी पंधरा वेळा येतो. सगळे कादंबरीकार एवढे उदार नसतात. काहींना एकेक भारी शब्द एकदाच वापरून पुढे जायची हौस असते. तो शब्द वाचकाचा नव्हे, लेखकाचाच दागिना राहतो. मुलांसाठी कादंबरी निवडताना मी म्हणून एवढंच बघेन की तिचे अवघड शब्द घरच्या माणसांसारखे पुन्हा पुन्हा दारात येतात की नाही. आणि कोश उघडायचाच तर तिसऱ्यांदा भेटूनही दाद न देणाऱ्या शब्दासाठी उघडावा. पहिल्याच भेटीला उघडला की गोष्ट थांबते, आणि थांबलेली गोष्ट काही शिकवत नाही.

मधली पायरी मात्र लागणारच, आणि ती कानाची आहे. झाडीपट्टीला हे सांगायची गरज पडू नये. दिवाळीनंतर मंडई भरायला लागल्या की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात, होळीच्या आसपासपर्यंत रात्र-रात्र नाटकं चालतात, आणि ज्यांनी आयुष्यात कादंबरी हातात धरली नाही ती माणसं पहाटेपर्यंत मराठीतले भले-भले संवाद ऐकत थंडीत बसून राहतात. नायक संस्कृताळलेलं बोलतो, विनोदी पात्र झाडीबोलीत त्याची फिरकी घेतं. एकाचा अवघड शब्द दुसऱ्याच्या सोप्या शब्दावर आपटतो आणि दोन्ही लक्षात राहतात. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीची थोडी चर्चा झाली. लोककला म्हणून कौतुक झालं. ती एक मोठी भाषाशाळाही आहे, हे फारसं कोणी म्हटलं नाही. जे रंगमंचावर जमतं ते वर्गात का जमू नये? दुपारी शेवटच्या तासाला शिक्षकाने कादंबरीची चार पानं मोठ्याने वाचावीत, अडलं तिथे हातवारे करावेत, माडियात विचारावं, हसावं. परीक्षेत त्यावर प्रश्न नसावेत.

मेंढा-लेखा या गावाने प्रौढपणी हेच केलं, कादंबरीच्या जागी कायदा घेऊन. धानोरा तालुक्यातलं हे गोंड गाव. इथे गावकऱ्यांचा अभ्यासगट बसतो, बाहेरचा कोणी बोलवायचा, वाचायचं, वाद घालायचा. निस्तार हक्क, गौण वनोपज, सामूहिक वनहक्क, वाहतूक परवाना असे शब्द घोकून येत नाहीत. पण २००९ साली गावाच्या हाती जंगलाचा हक्क आला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला, तेव्हा हे शब्द त्या गावात आमच्यासारख्या शहरी पदवीधरांपेक्षा जास्त नेमकेपणाने बोलले जात होते. स्वतःची गोष्ट त्यांत अडकलेली होती. मिलिंद बोकीलांनी 'गोष्ट मेंढा गावाची' लिहिली. शीर्षकात त्यांनी 'गोष्ट' शब्द ठेवला, हे मला फार आवडलं.

राहता राहिली पुस्तकं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार अनुदान मिळणारी सार्वजनिक वाचनालयं दोन्ही जिल्ह्यांत आहेत, गडचिरोली पोलिसांनीही अलीकडे 'एक गाव, एक वाचनालय' असा उपक्रम हाती घेतला आहे. कपाटं भरताना एक सवय सुटत नाही: प्रत्येक पुस्तकाची एकेकच प्रत, म्हणजे यादी लांब दिसते. भरतीचे मार्गदर्शक असावेत, असोत. पण उरलेल्या पैशांत वीस वेगवेगळ्या कादंबऱ्या एकेक घेण्याऐवजी 'सत्तांतर'च्या सहा प्रती घ्याव्यात, असं मी कुठल्याही ग्रंथपालाला सांगेन. एका शब्दावर वाद व्हायचा तर तेच पान दोघांनी वाचलेलं लागतं. नाही तर ज्याला शब्द अडला तो कपाटाशी एकटाच उभा राहतो, आणि त्याच्या शेजारी मार्गदर्शक असतोच.